यू व्हिसा : पात्रता आणि सही यांच्यामधलं अंतर



मागच्या महिन्यात पीएच.डी. प्रवेशाची तयारी करणाऱ्या एका ज्युनियरने मला तिचा दोन पानी प्रस्ताव वाचायला पाठवला. विषय होता, अमेरिकेत हिंसाचाराला बळी पडलेल्या भारतीय स्त्रिया आणि त्यांच्यासाठी असलेला यू व्हिसा. विषय चांगला, वाचनही बरंच केलेलं. पण पहिल्याच परिच्छेदात एक वाक्य होतं : "अमेरिकेत गंभीर गुन्ह्याला बळी पडलेल्या परदेशी व्यक्तीला यू व्हिसा मिळतो." मी त्यातल्या 'मिळतो' या शब्दाभोवती लाल गोल काढून प्रस्ताव परत पाठवला. संध्याकाळी तिचा फोन. "ताई, यात चूक काय आहे? सगळीकडे असंच लिहिलंय की."

चूक एकाच क्रियापदात आहे, पण त्या क्रियापदावर तिचा अख्खा प्रस्ताव उभा होता. फोनवर तिला जे सांगितलं, ते इथे नीट मांडते. कारण हा ब्लॉग वाचणाऱ्यांपैकी काही जण स्थलांतर, कायदा, स्त्री-अभ्यास अशा विषयांत संशोधन करणार आहेत. आणि काही जण येत्या एक-दोन वर्षांत स्वतःच एफ-१ व्हिसावर अमेरिकेला जाणार आहेत, काही जणी नवऱ्यासोबत एच-४ वर. तुमच्यापैकी कुणावर अशी वेळ येऊ नये. पण माहिती असलेली बरी.

आधीच सांगते, मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलंय, आता स्थलांतराच्या आकडेवारीवर पीएच.डी. करतेय. मी वकील नाही. त्यामुळे हा लेख समजून घेण्यासाठी वाचा. प्रत्यक्ष प्रकरण असेल तर इमिग्रेशनच्या वकिलालाच गाठा.

हा व्हिसा आला कुठून?

ऑगस्ट १९९५. कॅलिफोर्नियातल्या एल मॉन्टे गावात एका इमारतीवर धाड पडली. आत थायलंडहून आणलेले ७२ कामगार होते. काटेरी तारेच्या कुंपणाआड डांबून त्यांच्याकडून कपडे शिवून घेतले जात होते. सुटका झाली, पण सुटल्यावर ते गेले कुठे? इमिग्रेशन खात्याच्या कोठडीत! कारण कागदोपत्री ते बेकायदा राहणारे होते. पुढे बराच झगडा होऊन त्यांना एस व्हिसा मिळाला. हा व्हिसा मुळात खबऱ्यांसाठी आणि साक्षीदारांसाठी, गुन्हेगारी टोळ्यांची माहिती पुरवणाऱ्यांसाठी केलेला. वर्षाला मोजकेच दिले जातात.

अडचण लक्षात आली का? ज्याच्याकडे कागद नाहीत, तो मार खाऊनही पोलिसांकडे जात नाही. गुन्हेगाराला हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून तो असाच माणूस हेरतो. परिणामी गुन्हा नोंदलाच जात नाही आणि गुन्हेगार मोकळा राहतो.

यावर उपाय म्हणून अमेरिकी संसदेने ऑक्टोबर २००० मध्ये मानवी तस्करी आणि हिंसाचाराच्या पीडितांसाठी एक कायदा केला. त्यातून दोन व्हिसा आले. तस्करीच्या पीडितांसाठी टी, आणि इतर ठरावीक गुन्ह्यांच्या पीडितांसाठी यू. कायद्याचे हेतू दोन आहेत, तेही उघडपणे लिहिलेले : पीडितांना संरक्षण द्यायचं, आणि पोलिसांना गुन्ह्याचा तपास करणं सोपं करायचं. हे दोन हेतू एकाच गाडीला जुंपलेत हे विसरू नका. पुढची सगळी गुंतागुंत इथूनच सुरू होते.

आणखी एक गंमत. कायदा २००० चा, पण तो राबवायचे नियम आले सप्टेंबर २००७ मध्ये. मधली सात वर्षं पात्र लोक होते, कायदा होता, पण व्हिसा देण्याची व्यवस्था नव्हती. 'कायद्यात आहे' आणि 'मिळतं' यांच्यातलं अंतर असं पहिल्या दिवसापासूनचं आहे.

पात्रतेच्या अटी

यू व्हिसासाठी मुख्य अटी चार. एकेक करून पाहू.

पहिली, तुम्ही कायद्यात दिलेल्या एखाद्या गुन्ह्याचे पीडित असायला हवं, आणि त्या गुन्ह्यामुळे तुम्हाला मोठी शारीरिक किंवा मानसिक इजा झालेली असायला हवी. 'मोठी' म्हणजे किती? नियमांत यासाठी फूटपट्टी नाही. इजेचं स्वरूप काय, गुन्हेगाराचं वागणं किती क्रूर होतं, त्रास किती काळ चालला, तब्येतीवर, दिसण्यावर किंवा मनावर कायमचा परिणाम झाला का, असं सगळं एकत्र पाहिलं जातं. आधीचा आजार या घटनेमुळे बळावला असेल तर तोही धरतात.

दुसरी, तुमच्याकडे त्या गुन्ह्याची माहिती असायला हवी.

तिसरी, तपासात किंवा खटल्यात तुम्ही मदत केलेली असावी, करत असाव्यात किंवा करण्याची शक्यता असावी. म्हणजे भूतकाळ, वर्तमान, भविष्य तिन्ही चालतात. पण एकदा मदत करून नंतर विनाकारण हात वर केले तर अर्ज अडचणीत येतो. पीडित १६ वर्षांखालचं मूल असेल तर त्याच्या वतीने पालकांनी मदत केलेली चालते.

चौथी, गुन्हा अमेरिकेत घडलेला किंवा अमेरिकी कायद्याचा भंग करणारा असावा.

याशिवाय अमेरिकेत प्रवेशासाठी जे सर्वसाधारण निकष असतात ते पूर्ण व्हावे लागतात. ते होत नसतील, उदाहरणार्थ आधीचा व्हिसा संपून गेला असेल, तर वेगळा अर्ज करून सूट मागता येते.

आता काय लागत नाही ते पाहा, कारण गैरसमज इथेच जास्त. अर्जदाराकडे आधीचा वैध व्हिसा असावा लागत नाही. आरोपीला अटक झालीच पाहिजे असं नाही. खटला उभा राहिलाच पाहिजे, शिक्षा झालीच पाहिजे असंही नाही. गुन्हा किती वर्षांपूर्वी घडला याला कायद्याने मर्यादा घातलेली नाही. अर्जदार अमेरिकेबाहेर असला तरी अर्ज करू शकतो.

व्हिसा मिळाला तर चार वर्षं राहता आणि काम करता येतं. तीन वर्षं सलग अमेरिकेत राहिल्यावर ग्रीन कार्डसाठी अर्ज करता येतो. नवरा किंवा बायको आणि २१ वर्षांखालची अविवाहित मुलं यांनाही सोबत घेता येतं. अर्जदार स्वतःच २१ च्या आतला असेल तर आईवडील आणि १८ वर्षांखालची अविवाहित भावंडंही त्यात येतात.

यादीतले आणि यादीबाहेरचे गुन्हे

'हिंसक गुन्हा' हा शब्द आपण सैलपणे वापरतो. कायदा तसा वापरत नाही, तिथे यादी आहे. खून, बलात्कार, लैंगिक अत्याचार, घरगुती हिंसाचार, अपहरण, ओलीस ठेवणं, बेकायदा डांबून ठेवणं, छळ, वेठबिगारी, गंभीर स्वरूपाचा हल्ला हे त्यात आहेत. पण ज्यांत मारहाण होतेच असं नाही, असेही गुन्हे आहेत : खंडणी, ब्लॅकमेल, साक्षीदारावर दबाव, खोटी साक्ष. पाठलाग करून त्रास देणं आणि परदेशी कामगारांची भरतीत फसवणूक करणं हे दोन गुन्हे २०१३ मध्ये यादीत आले. गुन्ह्याचा प्रयत्न किंवा कटही चालतो, आणि यादीतल्या गुन्ह्याशी 'मिळताजुळता' गुन्हाही.

या यादीत सशस्त्र दरोडा नाही! दुकानात कुणी पिस्तूल रोखून गल्ला लुटला तर कुणीही त्याला हिंसक गुन्हाच म्हणेल. पण तो आपोआप पात्र ठरत नाही. त्या राज्याच्या कायद्यातली दरोड्याची व्याख्या 'गंभीर हल्ल्या'च्या व्याख्येशी जुळते, हे कागदावर दाखवून द्यावं लागतं. साध्या चापटीचंही तसंच. म्हणजे सारखीच घटना एका राज्यात पात्र आणि शेजारच्या राज्यात अपात्र ठरू शकते. प्रस्तावात 'हिंसक गुन्हा' असा शब्द लिहिलात तर पुढच्याच ओळीत त्याची व्याख्या लिहा, हे मी ज्युनियरला सांगितलं ते यासाठी.

सगळं अडतं एका सहीवर

यू व्हिसाचा अर्ज म्हणजे फॉर्म आय-९१८. त्याला एक पुरवणी जोडावी लागते, सप्लिमेंट बी. 'ही व्यक्ती अमुक गुन्ह्याची पीडित आहे आणि तिने तपासात मदत केली आहे किंवा करेल' असा तो दाखला असतो. तो पोलीस, सरकारी वकील, न्यायाधीश, बालसंरक्षण विभाग, कामगार खातं अशा तपासाशी किंवा खटल्याशी संबंधित यंत्रणेच्या अधिकृत माणसाने सही करून द्यायचा. सही झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज दाखल व्हायला हवा, नाहीतर दाखला शिळा होतो आणि नवा आणावा लागतो.

या दाखल्याशिवाय अर्ज उभाच राहत नाही. इजा कितीही मोठी असो, पुरावे कितीही असोत. आणि केंद्रीय कायद्यात कोणत्याही यंत्रणेवर सही करण्याची सक्ती नाही. शेरीफला वाटलं तर तो करेल, नाही वाटलं तर नाही. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांनी स्वतःचे कायदे करून सही किती दिवसांत द्यायची याची मुदत घालून दिली आहे. कॅलिफोर्नियातला कायदा २०१६ पासून लागू आहे. जिथे असा कायदा नाही, तिथे सगळं त्या कचेरीच्या धोरणावर.

सहीसाठी खेपा घालणं काय असतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको. गाईडची सही, विभागप्रमुखांची सही, मग ऑफिसचा शिक्का. आपल्याला उशीर झाला तर फार तर एक टर्म जाते. इथे मात्र सही मागणारी व्यक्ती मार खाल्लेली असते, बहुतेक वेळा तिच्याकडे कागद नसतात, आणि जिच्याकडे सही मागायची त्या यंत्रणेचीच तिला भीती असते.

तर पात्रता ठरवणाऱ्या दोन यंत्रणा झाल्या. अंतिम निर्णय यूएससीआयएस ही केंद्रीय इमिग्रेशन यंत्रणा घेते. पण तिच्यापर्यंत कोण पोचणार हे गावोगावच्या कचेऱ्या ठरवतात.

आणि मग रांग

समजा सही मिळाली आणि अर्जही योग्य ठरला. तरी वर्षाला जास्तीत जास्त १०,००० मुख्य अर्जदारांना यू व्हिसा देता येतो, कुटुंबीय या मर्यादेत मोजत नाहीत. ही मर्यादा २०१० च्या आर्थिक वर्षात पहिल्यांदा गाठली गेली. त्यानंतर अर्ज वाढतच गेले.

एक सोपा हिशोब करू. मुख्य अर्जदारांचे प्रलंबित अर्ज २०२० च्या सुमारासच दीड लाखांच्या वर गेले होते. १,५०,००० भागिले १०,००० म्हणजे १५. त्या रांगेत शेवटी उभ्या असलेल्या माणसाला १५ वर्षं! अर्थात, पुढचे काही अर्ज नाकारले जातील, काही लोक कंटाळून सोडून देतील, म्हणून हा आकडा वरच्या टोकाचा. पण वाट काही महिन्यांची नसून वर्षानुवर्षांची आहे, एवढं यातून नक्की कळतं.

या वाटेवर थोडा आधार म्हणून जून २०२१ मध्ये यूएससीआयएसने एक मधला टप्पा आणला. त्याचं नाव ऐकून तुम्हाला हसू येईल, 'बोनाफाइड' ठरवणं. आपल्या कॉलेजच्या बोनाफाइडसारखंच! अर्ज प्रथमदर्शनी खरा आणि पूर्ण वाटला, अर्जदारापासून सुरक्षेला धोका दिसला नाही, तर व्हिसाची वाट पाहत असतानाच वर्क परमिट आणि हद्दपारीपासून तात्पुरतं संरक्षण मिळू शकतं. 'शकतं' हे पुन्हा लक्षात ठेवा. ही धोरणाने दिलेली सवलत आहे. कायदा बदलायला संसद लागते, धोरण बदलायला फक्त नवं परिपत्रक.

एच-४ वर गेलेल्या मैत्रिणींसाठी

आपल्याकडच्या कितीतरी मुली लग्न करून एच-४ वर जातात. हा व्हिसा नवऱ्याच्या एच-१बी ला बांधलेला असतो. नवऱ्याची नोकरी गेली किंवा घटस्फोट झाला की आधार संपला. घरात मारहाण होत असेल तर "पोलिसांत गेलीस तर परत पाठवतील तुला" ही धमकी अशा वेळी फार काम करते.

अमेरिकेत १९९४ पासून महिलांवरील हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे. त्याखाली पीडित पत्नी नवऱ्याच्या मदतीशिवाय स्वतःचा अर्ज करू शकते. पण कधी? नवरा अमेरिकी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल तेव्हा. एच-१बी वाल्याच्या बायकोला हा दरवाजा बंद. तिच्यासाठी उरतो तो यू व्हिसा, कारण त्यात नवऱ्याचा व्हिसा कोणता हा प्रश्नच येत नाही. घरगुती हिंसाचार यादीत आहे, मात्र बाकीच्या अटी आणि सही तिलाही लागतेच. शिवाय एच वर्गातल्या व्हिसाधारकाच्या पीडित जोडीदाराला वर्क परमिट मागता येईल अशी स्वतंत्र तरतूद २००५ च्या दुरुस्तीत झाली आहे. ती फार कमी जणींना माहीत असते.

म्हणून प्रत्यक्षात काय करायचं? धोका असेल तर आधी ९११. पोलिसांनी नोंद केली की तिचा क्रमांक लिहून ठेवा. डॉक्टरांकडे गेलात तर कागद जपा, फोटो आणि मेसेज पुसू नका. पासपोर्ट आणि आय-९४ च्या प्रती विश्वासू माणसाकडे ठेवा. अनेक विद्यापीठांचे स्वतःचे पोलीस असतात, गुन्हा कॅम्पसवर घडला असेल तर तपास त्यांच्याकडे असू शकतो. आणि अर्जाबद्दल घरी कळेल ही भीती असेल तर हे माहीत असू द्या : अशा अर्जातली माहिती उघड करायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे. केवळ गुन्हेगाराने दिलेल्या माहितीवरून पीडितेविरुद्ध निर्णय घ्यायलाही मनाई आहे.

दरोड्याचं नाटक आणि 'आदर्श पीडित'

डिसेंबर २०२३ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सरकारी वकिलांनी एक प्रकरण उघड केलं. छोट्या दुकानांमध्ये ठरवून दरोड्याची नाटकं होत होती. 'दरोडेखोर' पिस्तुलासारखी वस्तू दाखवायचा, गल्ल्यातले पैसे घेऊन पळायचा, सीसीटीव्हीत सगळं टिपलं जायचं. मग काउंटरवरचा माणूस चांगली पाच-एक मिनिटं थांबून पोलिसांना फोन करायचा. उद्देश काय, तर त्या कर्मचाऱ्याला यू व्हिसाचा अर्ज करता यावा. त्यासाठी 'पीडितां'नीच पैसे मोजलेले. आरोपी भारतीय वंशाचे होते, त्यामुळे आपल्याकडेही बातमी गाजली. पुढच्या वर्षी शिकागोतही असंच प्रकरण समोर आलं.

बातमी वाचून अनेकांनी निष्कर्ष काढला, की यू व्हिसा म्हणजे पळवाट. संशोधकाने इतक्या झटकन निष्कर्षावर उडी मारू नये. दोन-चार प्रकरणांतून फसवणुकीचं प्रमाण कळत नाही. त्यातून कळतं ते एवढंच, की अर्जाला कोणत्या प्रकारचा पुरावा चालतो याचा अंदाज लोकांनी बांधला होता. कॅमेऱ्यासमोर, अनोळखी माणसाकडून, हत्यार दाखवून झालेला गुन्हा 'छान' दिसतो. बंद दाराआड चार वर्षं चाललेला छळ तसा दिसत नाही.

नॉर्वेचे गुन्हेशास्त्रज्ञ निल्स क्रिस्टी यांनी १९८६ मध्ये 'आदर्श पीडित' ही कल्पना मांडली. कुणाला पीडित मानायचं हे समाज फक्त इजेवरून ठरवत नाही. पीडित दुबळी असावी, चांगल्या कामात असावी, गुन्हेगार मोठा, वाईट आणि अनोळखी असावा, अशी एक न लिहिलेली चौकट असते. नाटकी दरोडा त्या चौकटीत जवळजवळ फिट बसतो. नवऱ्याचा मार खाऊन तीनदा परत त्याच घरी गेलेली बाई बसत नाही.

यू व्हिसाच्या बाबतीत ही चौकट प्रत्यक्ष कशी चालते यावर सारा मोरांडो लखानी यांचं काम आहे. लॉस एंजेलिसमधले वकील आणि अर्जदार यांच्यासोबत राहून त्यांनी हा अभ्यास केला. तो २०१३ च्या सुमारास प्रसिद्ध झाला. अर्ज 'घडवावा' लागतो, त्यात वकिलाची आणि पोलिसांची मोठी भूमिका असते, हे त्यातून दिसतं. या विषयात शिरणाऱ्यांनी वाचायलाच हवा.

छेद कुठे आहे?

आता माझ्या आवडीचा भाग. ज्युनियरच्या प्रस्तावात पुढे होतं : "मंजुरीचं प्रमाण पाहून या योजनेचं यश मोजणार." मी तिला शाळेतला प्रश्न विचारला. अंश कळला, छेद कोणता?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. आकडे माझ्या मनचे आहेत. 'अ' आणि 'ब' अशा दोन काउंटी. दोन्हीकडे प्रत्येकी १०० पीडितांनी दाखला मागितला. 'अ' ने ९० जणांना सही दिली, 'ब' ने २० जणांना. म्हणजे यूएससीआयएसकडे एकूण ११० अर्ज गेले. समजा त्यांनी दोन्हीकडचे ८० टक्के मंजूर केले. 'अ' मधले ७२, 'ब' मधले १६, एकूण ८८.

११० पैकी ८८ म्हणजे ८० टक्के. योजना झकास चाललीय! पण ज्यांनी दाखला मागितला ते होते २००. त्यातले ८८ म्हणजे ४४ टक्के. आणि समजा दोन्ही काउंटींत मिळून पात्र लोक ४०० होते, त्यातल्या निम्म्यांनी भीतीपोटी दाखला मागितलाच नाही. तर ८८ भागिले ४००, म्हणजे २२ टक्के.

८०, ४४, २२. अंश तोच, छेद बदलला. आणि गंमत म्हणजे ८० टक्क्यांच्या आकड्यात 'ब' काउंटी कुठे दिसतच नाही, कारण तिने ज्यांना परत पाठवलं ते मोजणीत आलेच नाहीत. सिलेक्शन बायस हा शब्द पुस्तकात वाचतो तेव्हा कोरडा वाटतो. इथे तो माणसांना गायब करतो.

यूएससीआयएस जे आकडे प्रसिद्ध करतं ते आलेल्या अर्जांचे, मंजूर, नामंजूर आणि प्रलंबित. सहीआधी गळालेल्यांची देशपातळीवर अशी मोजणी होत नाही. ती माहिती हवी असेल तर पोलीस खात्यांकडे माहितीचे अर्ज टाकावे लागतात, पीडितांना मदत करणाऱ्या संस्थांशी बोलावं लागतं. कष्टाचं काम आहे. पण तुमचा प्रबंध नवं काही सांगणार असेल तर ते इथेच सापडेल.

मुलाखत घेण्याआधी

शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात जड. ज्युनियरला १५ अर्जदार स्त्रियांच्या रेकॉर्ड केलेल्या मुलाखती घ्यायच्या होत्या. मी विचारलं, "ज्यांचा अर्ज अजून प्रलंबित आहे त्यांच्याही?"

विचार करा. अर्जासोबत त्या बाईचं प्रतिज्ञापत्र असतं. घटना कधी, कशी, किती वेळा, सगळं त्यात लिहिलेलं. तीन वर्षांनी तुम्ही तिला तेच विचारता. आघातातून गेलेल्या माणसाची आठवण सरळ रेषेत चालत नाही, तारखा मागेपुढे होतात. ती प्रतिज्ञापत्रात मार्च म्हणाली होती, तुम्हाला मे म्हणते. ती खोटं बोलत नाहीये. पण दोन कागद शेजारी ठेवले तर तसं वाटू शकतं. आणि दुसरा कागद तुमच्यामुळे तयार झालेला असतो.

म्हणून शक्यतो निकाल लागलेल्या अर्जदारांशी बोला. घटनेबद्दल विचारण्यापेक्षा प्रक्रियेबद्दल विचारा : सही कुणाकडे मागितली, किती खेपा झाल्या, कुणी काय सांगितलं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे, जखम पुन्हा उघडायची गरज नाही. नाव, गाव, तारीख नोंदींतून आधीच काढून टाका. आणि तुमच्यामुळे तिचा अर्ज पुढे सरकेल असा समज चुकूनही होऊ देऊ नका. 'मदत करशील तर संरक्षण मिळेल' असा सौदा तिच्याशी एकदा सरकारने केलेला आहे. दुसरा सौदा आपण करायला नको.

ज्युनियरने परवा सुधारलेला प्रस्ताव पाठवला. विषय तोच, पण तिचा प्रश्न बदललाय. 'यू व्हिसा मिळाल्यावर काय होतं' याऐवजी आता 'दाखल्याची मागणी आणि सही यांच्यामध्ये काय होतं' असा आहे. मुलाखती पीडितांच्या कमी, वकील आणि संस्थांच्या जास्त. आणि पहिलं वाक्य असं :

"अमेरिकेत ठरावीक गुन्ह्यांना बळी पडलेली, तपासात मदत करणारी आणि स्थानिक यंत्रणेची सही मिळवू शकलेली परदेशी व्यक्ती यू व्हिसासाठी अर्ज करू शकते."

वाक्य लांबलं, वाचायला थोडं जड झालं. पण यावेळी मी लाल पेन उचललं नाही.

पुढच्या लेखात माहितीचा अर्ज लिहून सरकारी आकडे कसे मागवायचे, ते पाहू. तोवर तुमच्या स्वतःच्या प्रस्तावातलं पहिलं वाक्य काढा आणि त्यातलं क्रियापद तपासा.